तळाची हवा

दौलतआजोबा वारले ते उन्हाळघरातल्या सर्वांत गार जागी. त्या दुपारी सावरटेक गावात जमिनीवर एक्कावन्न अंश तापमान होते. जमिनीखाली, त्यांच्या चटईपाशी, सव्वीस. तरी गावाने कारण एकच सांगितले: ऊन लागले.

बारा वर्षांच्या चेतना रामटेकेला हे पटले नाही.

"काकू, आजोबा तर आठवडाभर वर गेलेच नव्हते," ती म्हणाली. "मग ऊन कुठून लागलं?"

शेजारच्या पार्बताकाकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "वय झालं होतं त्यायचं. म्हाताऱ्या माणसाच्या अंगात ऊन बसून राहते, मग कधीबी निघते. तू निशूकडे पाह्य आधी. पोट्टं सकाळपासून सुस्त आहे."

निशू म्हणजे चेतनाचा चार वर्षांचा भाऊ. तो भिंतीला टेकून बसला होता. त्याचे डोके दुखत होते. अलीकडे दुपारी झोपून उठला की पुष्कळदा त्याचे डोके दुखे. इतरही लहान मुले उठल्यावर किरकिर करत, एखादे ओकत असे. त्यालाही सगळे ऊनच म्हणत.

ही गोष्ट २०६१ सालच्या मे महिन्यातली आहे. चंद्रपूर जिल्ह्यात तोवर उष्णतेच्या लाटा (दिवसेंदिवस न उतरणारा असह्य उन्हाळा) इतक्या वाढल्या होत्या, की एप्रिल ते जून गावेच्या गावे दिवसा जमिनीखाली राहत. सावरटेकला त्यासाठी नवे खोदकाम करावे लागले नाही. गावाशेजारी बंद पडलेली कोळशाची खाण होती. तिचा पहिला बोगदा साफ करून, पांढरा रंग देऊन, वीज आणि पंखा बसवून उन्हाळघर केले होते. या वरच्या बोगद्यात स्वयंपाकघर होते आणि मोठ्या माणसांची झोपायची जागा होती. तिथून एक उतार खाली जाई. उताराच्या तळाशी एक रुंद, बुटकी खोली होती. तिला तळखोली म्हणत.

वरच्या बोगद्यात दुपारी एकोणचाळीस-चाळीस अंश होई. तळखोली मात्र माठासारखी गार असे. आदल्या उन्हाळ्यात वरच्या बोगद्यात दोन तान्ही मुले उष्माघाताने दगावली. त्यानंतर उन्हाळघराच्या प्रमुख वनिता खोब्रागडे यांनी नियम केला, की जेवणानंतर पाच वर्षांखालची मुले आणि म्हातारी माणसे तळखोलीतच झोपतील. गावाने तो मनापासून पाळला. कोणी आपले मूल वर ठेवले तर शेजारी रागावत. चेतनाची आई तालुक्याच्या दवाखान्यात परिचारिका होती आणि लाटेच्या दिवसांत तिला घरी येता येत नसे. तीही रोज फोनवर तेच सांगे, "निशूला खालीच झोपव, बेटा." चेतना रोज त्याला हाताला धरून खाली नेई, चटईवर निजवी आणि वर येई.

उन्हाळघरात एक यंत्रमानव होता. ठेंगणा, चौकोनी, चार चाकांचा. मुलांनी त्याचे नाव ठोकळ्या ठेवले होते. भाजी चिरणे, भांडी विसळणे आणि सकाळी बायका स्वयंपाकात असताना लहान मुलांना गुंतवून ठेवणे ही त्याची कामे. गुंतवून ठेवण्यासाठी तो स्वयंपाकघरातल्या वस्तूंचे प्रयोग करून दाखवी. तो सगळ्यांना अहोजाहो करी. दोन वर्षांच्या बाळालाही.

दौलतआजोबा गेल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी ठोकळ्याने ओट्यावर एक मोठे पातेले ठेवले. तळाशी खाण्याचा सोडा पसरला आणि त्यावर लिंबांचा रस ओतला. पातेल्यात फस्स आवाज झाला, फेस वर आला आणि बसला.

"आता आपण थोडे थांबायचे आहे," ठोकळ्या म्हणाला. "कोणीही पातेल्यात फुंकू नये."

मग त्याने तारेची कडी साबणाच्या पाण्यात बुडवून हळूच छोट्या भात्याने हवा सोडली. फुगे हवेत तरंगले. काही ओट्यावर पडून फुटले. एक फुगा पातेल्यात उतरला आणि तळाला टेकायच्या आधीच, मध्येच थांबला. तिथेच हलकेच डोलत राहिला.

"अडकला," निशू म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच काही बोलला होता.

"तिथं काच हाये," एका मुलीने सांगितले.

"काच आहे का ते आपणच पाहा," ठोकळ्या म्हणाला. मुलीने पातेल्यात हात घातला. हात तळापर्यंत गेला. फुगा फुटला. ती हाताकडे पाहत राहिली.

ठोकळ्याने समजावून सांगितले. सोडा आणि लिंबाचे आम्ल (आंबट चव देणारा पदार्थ) एकत्र आले की एक वायू सुटतो, कार्बन डायऑक्साइड. आपण श्वास सोडतो त्यातही तो असतो. त्याला रंग नाही आणि या पातेल्यात लिंबाच्या वासाखेरीज कसला वासही येणार नाही. पण तो नेहमीच्या हवेपेक्षा जवळजवळ दीडपट जड असतो. म्हणून तो पातेल्याबाहेर उडून गेला नाही, पाण्यासारखा तळाशी साचला. फुग्यात साधी हवा होती. ती या वायूपेक्षा हलकी. लाकूड पाण्यावर तरंगते तसा फुगा त्या न दिसणाऱ्या वायूवर तरंगत होता.

मुले दुसरा फुगा सोडायला ओरडू लागली. चेतना पुढे आली. मोठ्या मुलांसाठी हा वर्ग नव्हता, पण ती निशूबरोबर बसलेली असे.

"ठोकळ्या, पातेलं खूप मोठं असलं तर? खोलीएवढं?"

"तरी तसेच होईल. हवा ढवळली गेली नाही, तर जड वायू तळाशी राहील."

"आणि त्या खोलीत माणूस असलं तर?"

"थोड्या प्रमाणात असेल तर डोके दुखेल, झोप येईल, श्वास जलद होईल. जास्त असेल तर माणूस बेशुद्ध पडेल. त्याहून जास्त असेल तर मरेल."

चेतनाने निशूकडे पाहिले, मग उताराच्या तोंडाकडे.

"आपला हवेचा मीटर काय दाखवतो?"

"हवा उत्तम आहे असे दाखवतो."

"तो कुठे टांगलाय?"

"प्रवेशदाराजवळ, छताखाली."

"तळखोलीत नाही?"

"नाही." ठोकळ्याचा दिवा क्षणभर पिवळा झाला. तो हिशेब करत असला की असे होई. "तळखोलीतली हवा मी कधी मोजलेली नाही. माझ्यात फक्त तापमान आणि धूर मोजण्याची सोय आहे आणि उतारावर माझी चाके घसरतात. तिथली हवा चांगली आहे असे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. वाईट आहे असे म्हणायलाही नाही."

"दिवा नेऊन बघू. विझला तर कळेल."

"अजिबात नको. कोळशाच्या खाणीत मिथेन (चटकन पेटणारा वायू) असू शकतो. इथे ठिणगीसुद्धा चालत नाही, म्हणून तर आपली शेगडी विजेची आहे." दिवा पुन्हा पिवळा झाला. "आपल्याला चुना लागेल."

चुना पार्बताकाकूंकडे होता. त्यांच्या कमरेला खर्र्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) पिशवी असे आणि पिशवीत चुन्याची डबी.

"माझा चुना?" काकूंनी पिशवीवर हात ठेवला. "काहून?"

"प्रयोगाला, काकू. आणि डॉक्टरांनी तुम्हाला खर्रा सोडायला सांगितलाच आहे."

"तुह्या डॉक्टरले म्हण, आधी हे ऊन सोडव." पण त्यांनी डबी दिली.

ठोकळ्याने बोटभर चुना स्वच्छ पाण्यात ढवळून झाकून ठेवला. तासाभरात चुना तळाशी बसला. वरचे नितळ पाणी त्याने दुहेरी फडक्यातून गाळून घेतले. ही चुन्याची निवळी. ते पाणी प्यायचे नाही, डोळ्याला लावायचे नाही आणि मोठे माणूस जवळ असल्याशिवाय करायचे नाही, हे त्याने मुलांकडून दोनदा म्हणवून घेतले. मग पेलाभर निवळीत सरबताची नळी बुडवून चेतनाला हळूच फुंकायला सांगितले. आत ओढायचे नाही, फक्त फुंकायचे. बुडबुडे निघाले. पाणी आधी धुरकट झाले, मग दुधाळ.

"दूध केलं," निशू म्हणाला आणि पुन्हा भिंतीला टेकला.

"दूध नाही," ठोकळ्या म्हणाला. "चेतनाताईंच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यातला चुना यांचा संयोग झाला (दोन पदार्थ मिळून तिसराच पदार्थ तयार झाला). तो तिसरा पदार्थ म्हणजे खडूसारखी पांढरी, न विरघळणारी पूड. वायू जितका जास्त, तितकी ती लवकर दिसते. साध्या हवेतही निवळी उघडी ठेवली तर तिच्यावर साय धरते, पण फार उशिरा. म्हणून एकच वाटी ठेवून उपयोग नाही. सारख्या वाट्या, सारखी निवळी, सारखा वेळ, आणि जागा फक्त वेगळ्या. मग जो फरक दिसेल तो जागेचा."

त्याने तीन वाट्या भरल्या. एक ओट्यावर राहणार होती. दुसरी तळखोलीच्या भिंतीत खांद्याच्या उंचीवर असलेल्या कोनाड्यात आणि तिसरी तिथेच खाली, मुलांच्या चटयांशेजारी. चेतना वाट्या घेऊन निघाली तेव्हा ठोकळ्या तिच्या वाटेत येऊन थांबला.

"तुम्ही नाही. मोठ्या माणसाने जावे आणि दुसऱ्याने उताराच्या तोंडाशी उभे राहावे. वाटी ठेवायची, लगेच सरळ व्हायचे, परत यायचे. खाली बसायचे नाही."

"मीच जातो," काकू म्हणाल्या. "चुना माह्या हाये, पाय बी माह्येच मोडू दे."

त्या गेल्या आणि धापा टाकत परत आल्या. थोड्या वेळाने वाट्या आणायला पुन्हा गेल्या आणि या वेळी वर येऊन जमिनीवरच बसल्या. कपाळ दाबून म्हणाल्या, "उतार वाढला वाटते यंदा."

कोणी हसले नाही, कारण सगळे वाट्यांकडे पाहत होते. ओट्यावरच्या वाटीतले पाणी नितळ होते. कोनाड्यातल्या वाटीवर अगदी पातळ पापुद्रा धरला होता, वाटी तिरपी केली तरच दिसेल असा. चटईजवळच्या वाटीवर जाड पांढरी साय होती. चेतनाने नळीच्या टोकाने ती ढकलली तेव्हा तिला सुरकुत्या पडल्या.

वाट्या घेऊन ती वनिताताईंकडे गेली. ताई प्रवेशदाराजवळ मीटरखाली बसून पाण्याच्या टाकीचा हिशेब पाहत होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"रोज दोनदा मी तळखोलीत फेरी मारते," त्या म्हणाल्या. "मला कधी काही झालं नाही."

"तुम्ही उभ्या असता, ताई. मुलं निजलेली असतात."

"वाटीत धूळ पडली असेल. खाण आहे ती."

"खाणीतली धूळ काळी असते."

मागे कोणीतरी फिसकन हसले. वनिताताई हसल्या नाहीत.

"चेतना, मागच्या वर्षी ती दोन लेकरं गेली तेव्हा तू इथंच होतीस. पंखा चालू होता. पाणी होतं. एकाला तर मी मांडीवर घेऊन बसले होते. आज वर चाळीस अंश आहे आणि माझ्याकडे बावीस लहान मुलं आहेत. त्यांना मी वर ठेवलं आणि तुझी वाटी चुकली, तर?"

"आणि वाटी बरोबर असली तर?"

वनिताताईंनी खालची वाटी उचलून उजेडात धरली. "एका वाटीला साबण राहिला असेल. मघाशी तुम्ही साबणाचे फुगे करत होता ना?"

चेतनाला हे आधी सुचले नव्हते.

"ताईंची शंका योग्य आहे," ठोकळ्या म्हणाला. "वाट्या धुऊन त्यांची अदलाबदल करू. वरची खाली, खालची वर. वाटीचा दोष असेल तर साय या वेळी वरच्या वाटीवर धरेल. जागेचा असेल तर पुन्हा खालच्याच वाटीवर."

"करा," वनिताताई म्हणाल्या. "जेवणं होईपर्यंत. त्यानंतर मुलं खाली जातील. वाट्यांसाठी मी त्यांना भाजणार नाही."

चेतनाने वाट्या स्वतः घासल्या. तीनतीनदा विसळल्या, फडक्याने पुसल्या. ठोकळ्याने निवळी मोजून ओतली. तोवर ताटे वाढून झाली होती. भात, अंबाडीची भाजी, ताक. मुले ओळीने बसली. चेतना वाट्या ओट्यावर ठेवून निशूला भरवायला वळली. त्याच्या ताटासमोर कोणी नव्हते. भाताला हात लागला नव्हता.

"निशू कुठे आहे?"

पातेल्यात हात घालणारी ती मुलगी भात चघळत म्हणाली, "तो झोपाले गेला. त्याचं डोकं दुखत होतं."

तळखोलीत गेले की डोके दुखायचे, आणि डोके दुखले की त्याला तळखोलीत झोपायचे. हे त्याला चेतनानेच शिकवले होते.

ती धावली. उताराच्या तोंडाशी ठोकळ्या तिच्या आधी पोहोचला आणि आडवा उभा राहिला. तिने त्याच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी मारले.

"सरक. सरक ना."

"तुम्ही तिथे पडलात तर दोघांना काढावे लागेल," ठोकळ्या म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. "वनिताताई, पाणी शेंदायचा दोर कमरेला बांधा. उभे राहून चाला. वाकायच्या आधी भरपूर श्वास घ्या, तो रोखा, मुलाला उचला आणि लगेच सरळ व्हा. त्यांचे डोके तुमच्या खांद्याच्या वर धरा."

वनिताताईंनी लगेच दोर बांधला. दुसरे टोक पार्बताकाकू आणि आणखी दोघींनी धरले. विजेरीचा उजेड उतारावरून खाली गेला, डावीकडे वळला, थांबला. निशू पलीकडच्या भिंतीशी, खोलीच्या सर्वांत खोल कोपऱ्यात निजला होता. तीच जागा सर्वांत गार होती; दौलतआजोबांची चटईही तिथेच असे.

उजेड खाली झुकला. मग तो जमिनीवर पडला आणि हलला नाही.

"ओढा," ठोकळ्या म्हणाला.

दोर ताणला गेला. काही क्षण काहीच झाले नाही. नंतर विजेरीच्या उजेडात वनिताताई गुडघ्यांवरून उठताना दिसल्या. निशू त्यांच्या खांद्यावर होता. त्या दोनदा भिंतीला आदळल्या. बायकांनी त्यांना जवळजवळ खेचतच वर आणले.

पुढे त्यांनी सांगितले ते असे. उभ्या असताना त्यांना काहीच जाणवले नव्हते. वाकून निशूला उचलताना तो हाताला जड लागला आणि रोखलेला श्वास सुटला. चटईजवळचा एकच श्वास आत गेला. त्याबरोबर छाती अशी धावू लागली, जणू कोणी त्यांना डोंगर चढायला लावला आहे. हवा आत जात होती, पण पुरत नव्हती. त्यांना वाटले, जरा इथेच बसावे. "बसावं असं वाटणं, तेच भयंकर होतं," त्या म्हणाल्या.

निशूला वरच्या बोगद्यात, बाहेरची ताजी हवा जिथून येते त्या झडपेखाली निजवले. त्याचे ओठ निळसर पडले होते. श्वास होता, पण उथळ. ठोकळ्याने रुग्णवाहिका आधीच बोलावली होती. आभाळ भरून आले तरी वर उष्मा इतका होता, की ती तालुक्याहून सावकाशच येणार होती. चेतना भावाचे तळपाय चोळत बसली. तसे करून काही होते का, हे तिला माहीत नव्हते.

"तो वाचेल का?" तिने विचारले.

"मला माहीत नाही," ठोकळ्या म्हणाला.

"खोटं का होईना, हो म्हण."

"त्यांचा श्वास मघापेक्षा खोल आहे. एवढे खरे आहे."

वनिताताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी ओट्यावरच्या वाट्यांकडे पाहिलेही नाही. "आज कोणी खाली जाणार नाही," त्या म्हणाल्या. "झडपेजवळची जागा लहानांची. मोठ्यांनी मागे सरका. चादरी ओल्या करा."

मोठी माणसे मागे सरकली. बोगद्याच्या टोकाला, जिथे पंख्याचा वारा पोहोचत नव्हता, तिथे ती खेटून बसली. ती दुपार फार वाईट गेली. मुले रडून थकली. ओल्या चादरी वाळत होत्या आणि पुन्हा ओल्या केल्या जात होत्या. संध्याकाळीही निशू सोडून बाकीची एकवीसच्या एकवीस मुले शुद्धीवर होती. बिजाबाई गेडाम या सत्तर वर्षांच्या बाई मागच्या टोकाला बसल्या होत्या. त्यांना उष्माघात झाला आणि त्या दवाखान्यातून परत आल्या नाहीत. वनिताताईंनी ही बातमी चेतनाला स्वतः येऊन सांगितली. "दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून," त्या म्हणाल्या. "आणि यात तुझं काही चुकलेलं नाही, हेही माझ्याकडूनच ऐक." चेतनाने मान हलवली.

दोन दिवसांनी खाण तपासणारे पथक आले. त्यांनी लांब दांडीला मीटर लावून तळखोलीत वेगवेगळ्या उंचीवर हवा मोजली. कोनाड्याच्या उंचीवर कार्बन डायऑक्साइड एक टक्का होता. चटईच्या उंचीवर सहा. तिथे प्राणवायूही कमी होता. तळखोलीच्या मागच्या भिंतीपलीकडे जुने, बुजवलेले बोगदे होते. त्यांतला उरलेला कोळसा हवेतला प्राणवायू सावकाश शोषत होता आणि कार्बन डायऑक्साइड सोडत होता. आग नव्हती, धूर नव्हता. विटांच्या फटींतून ती विझलेली हवा खोलीत उतरत होती.

ती रोज सारखी येत नव्हती. वादळी ढग जमतात तेव्हा बाहेरच्या हवेचा दाब (हवेच्या वजनाचा रेटा) कमी होतो. मग भिंतीमागची हवा जास्त जोराने फटींतून बाहेर पडते. दौलतआजोबा गेले त्या दिवशी आभाळ भरून आले होते. निशू खाली गेला त्या दिवशीही. बाकीच्या दिवशी मुलांचे फक्त डोके दुखले.

आणि पंखा? पंखा नीट चालत होता. पण तळखोलीतली हवा ओढून घेणाऱ्या त्याच्या नळाचे तोंड छताशी होते, कारण गरम हवा वर जाते आणि गावाची लढाई उन्हाशी होती. त्यामुळे तो वरची चांगली हवा ओढून बाहेर टाकत राहिला. तळाशी काहीच हलले नाही.

पथकाने फटी बुजवल्या, नळाचे तोंड जमिनीपाशी आणले आणि चटईच्या उंचीवर मीटर लावला. तरीही तळखोली त्या उन्हाळ्यात कोणी वापरायची नाही, असे त्यांनी सांगितले. लाटेचे उरलेले दिवस सावरटेकने वरच्या बोगद्यात ओल्या चादरींखाली काढले. आसपासच्या आणखी तीन गावांनी जुन्या खाणीत उन्हाळघरे केली होती. त्यांना ठोकळ्याने संदेश पाठवला. त्यात चुन्याच्या निवळीची कृती होती आणि ती निजलेल्या मुलाच्या नाकाच्या उंचीवर ठेवावी असे लिहिले होते. एका गावातून उत्तर आले की त्यांच्याकडे साय लवकर धरली. ते त्याच दिवशी तिथून हलले.

तालुक्याच्या दवाखान्यात निशू दोन दिवस बेशुद्ध होता. तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि आईला पाणी मागितले. डॉक्टर म्हणाले की तो बरा होईल, पण हातापायांत जोर यायला वेळ लागेल आणि पुढच्या काही महिन्यांत आणखी तपासण्या कराव्या लागतील. चेतना रुग्णवाहिकेच्या परतीच्या फेरीने त्याला भेटायला गेली. आई दुसऱ्या वॉर्डात कामावर होती. निशू उशांना टेकून बसला होता. समोर लिंबाच्या सरबताचा पेला होता. तो नळीने पीत होता आणि नळी वरखाली करत होता.

"ताई, खाली गोड आहे," तो म्हणाला. "वर नाही."

चेतनाने पेला उजेडात धरला. कोणीतरी साखरेचा पाक घालून ढवळायचे विसरले होते. तळाशी पाकाचा दाट थर होता, वर पाणी. दोहोंच्या मध्ये एक अंधुक, थरथरती रेघ दिसत होती.

"पाक जड आहे, म्हणून खाली बसलाय."

"मग तो कधी वर येणार?"

"आपोआप यायला फार वेळ लागेल. थोडा थोडा मिसळत राहील. आज नाही, कदाचित उद्याही नाही."

निशूने विचार केला. "कोणी हलवलं तर?"

"तर लगेच."

तिने टेबलावरचा चमचा त्याच्या हातात दिला. त्याच्या बोटांना अजून नीट पकड नव्हती. चमचा दोनदा काठावर आपटला, एकदा निसटून पेल्यात पडला. चेतनाने तो काढून दिला, पण हात धरला नाही. चौथ्यांदा चमचा तळाला लागला आणि फिरू लागला. आधी अगदी सावकाश. मग ती रेघ पुसली गेली.